मुलींचा सामना दुपारी बाराला

दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाविषयी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मला वाटलं, तो चुकून माझ्याकडे आला. कामाविषयी लिहायचं तर माणसाने आधी पुष्कळ काम केलेलं असावं. मी अजून चंद्रपूरला कॉलेजात शिकते. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे घरच्यांच्या मते मी अजून कामाला लागलेलीच नाही. मी संपादकबाईंना फोन करून सांगितलं, "मॅडम, माझं काम म्हणजे मैदानावर मुलींना पाणी पाजणं." त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा."

तेच लिहिते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

अहेरीकडे मुलींची एक निवासी शाळा आहे. तिथे फुटबॉलचा संघ होता. पेंदाम सर खेळ शिकवायचे आणि त्यांना हाताखाली एक बाई माणूस हवं होतं. मी त्याच शाळेत शिकलेली. सुट्टीत आणि सामन्यांच्या दिवसांत मला बोलवू लागले. कागदावर माझं पद 'सहायक' होतं. मुली मला 'पाणीवाली ताई' म्हणायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी पाजायला काय लागतं? बादली आणि पेला. मलाही तसंच वाटलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी धान्य तोलायचा जुना वजनकाटा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सरावाआधी एकेकीला तोल, सरावानंतर पुन्हा तोल. जेवढं कमी भरलं, तेवढं पाणी अंगातून गेलं. ते परत भरायचं, हे तुझं काम." मुलींना याची गंमत वाटायची. नाझिया नावाची आमची गोलकीपर काट्यावर उभी राहून दर वेळी विचारायची, "ताई, ह्यात चरबी किती गेली ते सांग ना. पाणी गेलं तं आमाले काय फायदा?"

दुसरं काम लाजेचं होतं. लघवीचा रंग विचारायचा. रंग गडद असला म्हणजे पाणी कमी पडतंय. पण हे वाढत्या वयाच्या मुलींना विचारायचं कसं? शेवटी त्यांनीच एक भाषा काढली. एखादी लांबूनच ओरडायची, "ताई, मोसंबी!" म्हणजे ठीक. "ताई, बिनदुधाची चाय!" म्हटलं की मी तिला बाजूला बसवून मीठ-साखरेचं पाणी द्यायची. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर मुळातच थोडं तापलेलं असतं, तेव्हा ऊन लवकर बाधतं. तेही विचारावं लागे. ते मात्र मी कानात विचारायची.

याशिवाय बर्फ, ओले टॉवेल, सावलीसाठी ताडपत्री. अंग तापलेल्या मुलीच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर ओलं कापड ठेवून वारा घालायचा. हे सगळं मी शिकले आणि मला ते आवडलं. एखादी मुलगी लाल चेहऱ्याने येऊन बसते आणि थोड्या वेळात पुन्हा हसत मैदानात जाते, तेव्हा आपण काहीतरी केलं असं वाटतं.

आता ऊन. चंद्रपूरचं नाव मे महिन्यात रोज टीव्हीवर येतं. कुठे गेलो आणि गाव सांगितलं की लोक म्हणतात, "बापरे, तिथे कसे राहता?" खोटं कशाला बोलू, आम्हाला त्याचा थोडा अभिमान वाटतो. आणि मे महिन्यात आम्ही फार शहाणे असतो. गावात बिडीसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडायला बायका-मुली अंधारातच जंगलात शिरतात आणि ऊन तापायच्या आत डोक्यावर पानांचं ओझं घेऊन परततात. मग दिवसभर सावलीत बसून पुडे बांधायचे. भर दुपारी कोणी जंगलात थांबत नाही. पेंदाम सरांचा मे महिन्यातला सराव अगदी असाच चालायचा. तेंदूवाल्या बायका रस्त्यावरून परतताना दिसल्या की सर शिट्टी वाजवायचे. सराव बंद. मे महिन्यात आमची एकही मुलगी कधी आजारी पडली नाही.

आमचं शहाणपण संपतं ते पावसाळ्याच्या शेवटी. पारा खाली आलेला असतो आणि लोक म्हणतात, हे काय ऊन? पण त्या दिवसांत पाऊस उघडतो, ऊन पडतं आणि जमिनीतून वाफ निघते. घामाने अंग थंड होतं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. घाम सुकला तर अंग थंड होतं. हवाच ओली असली तर तो सुकत नाही, नुसता गळतो. पाणी जातं आणि अंग तापत राहतं. सरांनी मला याची सोपी खूण सांगितली होती. वसतिगृहाच्या दोरीवर पाहायचं. सकाळी टाकलेले कपडे दुपारी ओलेच असतील, तर आपल्या मुलींचा घामही सुकणार नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात गडचांदूरला मोठी स्पर्धा होती. मुलांचा गट आणि मुलींचा गट. आमच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. त्या सामन्याला विभागाच्या संघाची निवड करणारे दोघे जण येणार होते.

हे सोमारीसाठी किती मोठं होतं ते सांगायला हवं. सोमारी एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावची. मैदानाच्या मधोमध खेळायची आणि सगळ्यांत जास्त धावायची. बोलायची कमी. चेंडू पायात आला की मान वर करून एकदा सगळीकडे पाहायची, आणि मग तिचा पास जिथे जायला हवा तिथे जायचा. त्या वयोगटातलं ते तिचं शेवटचं वर्ष होतं. निवड झाली तर पुढचं शिक्षण, वसतिगृह, सगळं खेळावर होणार होतं. नाही झाली तर ती घरी जाणार, हे तिला आणि आम्हाला माहीत होतं.

आदल्या दिवशी वेळापत्रक लागलं. मुलींचा अंतिम सामना दुपारी बारा वाजता.

सर आणि मी आयोजकांकडे गेलो. मंडपात एक भाऊ खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. माणूस वाईट नव्हता. आम्हाला चहा मागवला.

सर म्हणाले, "भाऊ, पोरींची फायनल सकाळी घेता येईन काय? हवा दमट आहे. दुपारी त्रास होते."

"सकाळी पोरांची सेमीफायनल हाये ना, सर."

"मंग संध्याकाळी?"

"संध्याकाळी पाहुणे येऊन राह्यले. पोरांची फायनल त्यांच्यासमोरच झाली पायजे."

मला मध्ये बोलायची सवय नाही, पण बोलले. "मग मुलांची सेमीफायनल बाराला घ्या ना, भाऊ."

ते हसले. "बारा वाजता? उन्हात पोरं खेळतीन काय, बाई?"

आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तसं नाई. पोरी चिवट असते. आन् तुमच्या तं जंगलातल्या पोरी. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते का नाई?"

सर म्हणाले, "तोडते, भाऊ. पण ऊन चढाच्या आत घरी येते."

"हे तं सप्टेंबर हाये, सर. हे काय ऊन हाये? चंद्रपूरची माणसं आपन." ते पुन्हा हसले आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही उतरलो होतो त्या खोलीबाहेरची दोरी मी पाहिली. रात्रभर टांगलेले मोजे पिळले तर पाणी निघेल असे होते.

मुलींच्या खेळात आणखी दोन गोष्टी असतात, त्या मुलांच्या खेळात नसतात. एक म्हणजे कपडे. आमच्या जर्सी अहेरीच्या शकीलभाईंनी शिवल्या होत्या. ते नाझियाचे वडील, शिंपीकाम करतात. कापड ओलं झालं की अंगाला चिकटतं, म्हणून मुलींच्या घरच्यांनी समोरून अस्तर लावायला सांगितलं होतं. मी शकीलभाईंना म्हटलं होतं की त्याने फार गरम होईल. ते म्हणाले, "बेटा, मालूम है. मगर पतला कपडा रहा तो घरवाले भेजेंगेच नहीं. मैं भी नहीं भेजता." शिवाय आत गंजी आणि चड्डीखाली लांब काळी लेगिंग्ज. त्यामुळे उरलीसुरली हवाही अंगाला लागत नाही.

दुसरी गोष्ट संडासाची. मैदानावर मुलींसाठी सोय नव्हती. मुलं भिंतीआड जातात. मैदानामागे एक घर होतं. तिथे एक वयस्क मुस्लिम बाई राहायच्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे; मी सकाळीच त्यांना विनंती केली होती आणि त्यांनी मागचं दार दिवसभर उघडं ठेवलं. पण परक्या घरात सारखं कसं जायचं, म्हणून मुलींनी सकाळपासून पाणीच बंद केलं होतं. मी एकेकीच्या मागे पेला घेऊन फिरत होते. सोमारीने पेला हाताने बाजूला सारला.

"ताई, पानी पिली आन् मंग खेळताना लागली तं? साहेब लोकांसमोर मैदान सोडून जाऊ काय?"

"खालांचं घर इथेच आहे."

"नाई. आज नाई."

पंच तरुण आणि समजूतदार होता. त्याने दोन्ही डावांत एकेकदा पाणी प्यायला खेळ थांबवायचं कबूल केलं. पहिल्या डावात थांबवलाही. मुली आल्या, पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि थुंकलं. सोमारीनेही तेच केलं.

पहिल्या डावात ती जशी खेळली, तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. एक गोल तिच्या पासवर झाला. निवड करणाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघांनी मान हलवली. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मध्यंतरात मी तिच्या मानेवर बर्फाचा टॉवेल ठेवला, तर ती हसून म्हणाली, "ताई, आज पाय हलके वाटून राह्यले."

दुसरा डाव सुरू झाला आणि थोड्या वेळाने तिने चेंडू सरळ समोरच्या संघातल्या मुलीकडे दिला. मला वाटलं, चुकली. मग बाहेर गेलेला चेंडू घेऊन ती रेषेवर उभी राहिली आणि उभीच राहिली. पंचाने दोनदा शिट्टी वाजवली. मी सरांना म्हटलं, "सर, तिला बाहेर घ्या." सर तिच्याकडे पाहत होते, मग त्यांनी खुर्च्यांवर बसलेल्या त्या दोघांकडे पाहिलं. म्हणाले, "थांब जरा. पाणी पिण्यासाठी थांबतीनच आता." मी त्यांना दोष देत नाही. तिची सगळी मेहनत त्या खुर्च्यांसमोर होती.

तेवढ्यात सोमारीला चेंडू मिळाला. ती वळली आणि आमच्याच गोलकडे धावत सुटली. वेगात, चेंडू पायाशी ठेवून, जशी नेहमी धावते तशी. नाझिया गोलमधून दोन्ही हात वर करून ओरडली, "सोमारी, पलट! अगं मी हाये, पलट!" लोक हसायला लागले.

मी पंचाला न विचारता मैदानात धावले. तसं करायचं नसतं. तिला मागून कवेत धरलं तर अंग तव्यासारखं तापलेलं. तिने मला ढकललं. "सोड, ताई! सोड मले!" पुढे ती गोंडीत बोलू लागली, कोणाशी ते कळलं नाही, आणि माझ्या हातावर कोसळली. सकाळपासून पेला परत करणारी मुलगी "येर, येर" म्हणत होती. येर म्हणजे पाणी.

आम्ही तिला खालांच्या घरात नेलं. फरशीवर झोपवलं, बर्फ, ओली कापडं, खालांचा कूलर. अस्तर लावलेली जर्सी निघेना, म्हणून खालांनी कात्रीने कापली. मग गाडीने दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आधी थंड केलं ते बरं केलं. रात्र व्हायच्या आत ती शुद्धीवर आली.

तिने पहिली गोष्ट विचारली ती, "किती झाले?"

आम्ही हरलो होतो. मी सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तू काऊन आली आत?"

"तुला बरं नव्हतं."

"मी बरी खेळून राह्यली होती."

तेव्हा मला समजलं की तिला मध्यंतरानंतरचं काहीच आठवत नाही. ऊन डोक्यात गेलं की असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या आठवणीत हलके पाय होते, मान हलवणारे साहेब होते, आणि मग अचानक मी होते, तिला मागून ओढणारी. मी सांगितलं की तू उलट्या बाजूला धावलीस. ती म्हणाली, "खोटं." नाझियानेही सांगितलं. तिला वाटलं, सगळ्या मिळून ताईची बाजू घेताहेत. तिच्या जागी मी तरी दुसरं काय समजले असते?

निवड झाली नाही. त्या दोघांनी सरांना सांगितलं, मुलगी हुशार आहे, पण दम कमी पडतो. सर म्हणाले, "दम नाही साहेब, वेळ चुकली." सोमारी बारावी झाली आणि गावी गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेचं पत्रक आलं, त्यात मुलींचा गट नव्हता. सरांनी फोन लावला. तेच भाऊ होते. म्हणाले, "सर, पोरींले झेपत नाई ना. काई झालं तं जिम्मेदारी कोन घेईन? तुमचीच बाई धावत आली होती का नाई मैदानात?" फोनचा आवाज मोठा होता. मी शेजारीच उभी होते.

मी सामना थांबवला तो एका मुलीसाठी. त्याचा उपयोग सगळ्या मुलींचे सामने थांबवायला होईल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्ही वेळ बदला म्हणालो होतो. त्यांनी वेळ बदलली नाही, मुली काढून टाकल्या. आजही तशी वेळ आली तर मी पुन्हा धावेन. पण हे लिहिताना हात थांबतो, ते खरं.

त्याच आठवड्यात मी शकीलभाईंच्या दुकानात गेले, तर ते आमच्या जर्सींचं अस्तर उसवत बसले होते. त्यांना पत्रकाचं माहीत नव्हतं. म्हणाले, "इस बार हल्की कर दे रहा हूं बेटा. घरवालों से मैं बात करूंगा." मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली जर्सी मात्र पूर्ण उसवूनच खाली ठेवली.

आता मी चंद्रपुरात मुलांच्या एका संघाला पाणी पाजते. मुलं भरपूर पाणी पितात. त्यांचे सामने सकाळी असतात.

या मे महिन्यात एटापल्लीकडे आत्याच्या गावी गेले होते. सोमारीचं गाव तिथून जवळ. जावं की नाही, हे ठरत नव्हतं. शेवटी गेले. तिची आई म्हणाली, उद्या पहाटे आमच्यासोबत पत्ता तोडायला ये, तिथेच भेट. अंधारातच निघालो. सोमारी पुढे चालत होती. तिने मला पाहिलं, "आली काय, ताई?" एवढंच म्हणाली. तिचा हात तेंदूच्या झुडपांवरून भराभर फिरत होता. शेजारच्या घरची नुकतीच लग्न होऊन आलेली एक सून, रंजना, आमच्यासोबत होती. तिला सगळ्यांपेक्षा जास्त पुडे बांधून दाखवायचे होते.

उजाडलं, ऊन आलं, बायका परतायला लागल्या. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पडून गेला होता आणि जंगलात कोंदट झालं होतं. रंजना थांबायला तयार नव्हती. सोमारीने हाक मारली, पुन्हा मारली. मग तिचं लक्ष गेलं. रंजना पानं तोडून पदरात न टाकता खालीच टाकत होती. तोडायची आणि टाकायची. सोमारी आपलं ओझं तिथेच सोडून धावली. तिला मागून कवेत धरून सावलीत ओढलं आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं सगळं पाणी तिच्या मानेवर ओतलं.

"सोड ना! काऊन ओढून राह्यली मले?" रंजना चिडून ओरडत होती. "चांगली तोडून राह्यली होती मी!"

सोमारीने तिला सोडलं नाही. पदराने वारा घालत राहिली. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, चेंडू पायात आल्यावर पाहायची तसं.

रंजना थोड्या वेळाने शांत झाली, पाणी प्यायली, उठून बसली. आम्ही तिघी झाडाखाली बसून होतो.

"ताई," सोमारी म्हणाली, "मी खरंच उलटी धावली होती?"

"हो."

"लोकं हसले?"

"हसले."

तिने एक तेंदूचं पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं. "आन् सकाळी खेळलो असतो तं?"

ती उठली, ओझं डोक्यावर घेतलं, रंजनाचंही थोडं घेतलं. "चल. ऊन चढून राह्यलं," म्हणाली आणि चालू लागली. मी घड्याळ पाहिलं. गडचांदूरला, सोमारी कोसळली त्या दिवशी, मुलांची सेमीफायनल याच वेळी सुरू झाली होती.